पुनरागमनाय च

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही की फोन नाही. काय त्या शिव्या एकदाच घालून घे आणि पुढे वाच. तब्येत ठीक. कपाळाला तीन टाके आहेत, बाकी धडधाकट.

मी सेसना १७२ विमान नाकावर पाडलं. बाकीचे 'जीव वाचला ना, मग झालं' म्हणून चहा मागवतात, म्हणून तुला लिहितोय.

दुपारचे साडेतीन, पश्चिमेला वळवाचे ढग. धावपट्टी २९ (म्हणजे दिशा २९० अंश), वारा २४० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ चे. घरी येऊन कागदावर गणित केलं (तोंडी हिशेब तुझा, माझा नव्हे): आडवा वारा एरवी ११, झोतात १८. विमानाच्या पुस्तकात १५ आहे. तो आकडा चाचणीत करून दाखवलेला, विमानाची मर्यादा नव्हे, हे मीच वर्गात घसा ताणून सांगतो. उतरतानाचा वेगही वाढवला होता, झोताच्या फरकाचा निम्मा, म्हणजे ५ नॉट. सगळं रीतसर.

उडवत होता माझा विद्यार्थी. टेकायच्या जरा आधी वारा एकदम पडला, विमान धप्पकन बसलं आणि चेंडूसारखं उसळलं. पोरगा लगेच म्हणाला, "सर, गो अराउंड?" म्हणजे उतरणं सोडून परत वर. हात थ्रॉटलवरच होता. मी म्हटलं, "नको, धर, बसतंय."

दुसऱ्यांदा नाकावर आपटलो. तिसऱ्यांदा नोजव्हील दुमडलं, प्रॉपेलर डांबरात घुसला आणि आम्ही डावीकडे गवतात. पाती केळीच्या सालीसारखी वळलीत. इंजिन आता पूर्ण उघडणार.

सोलोच्या वर्षी तू एका दुपारी तीनदा गो अराउंड केलंस आणि मी कँटीनमध्ये तुझं नाव 'पुनरागमनाय च' ठेवलं. तुझ्या लग्नात ते उखाण्यातही घुसवलं. पुढे दोन वर्षं तू बोलला नाहीस. मला वाटायचं, पुष्पक विमानाच्या तासाचे ते चारशे रुपये मी बुडवले म्हणून!

खरी गोची पुढेच आहे. पोराने जबाबात तो प्रश्न लिहिलाच नाही. 'अचानक झोत, उसळी, ताबा सुटला', बस्स. त्याचे १६० तास झालेत, २०० ला लायसन्स, आणि लॉगबुकवर सही माझी. तो कसा लिहील? आपल्या सेसनात आवाज टिपणारं काही नाही, ऐकलं ते आम्ही दोघांनीच. हँगरमध्ये मात्र 'पोराचा हात कच्चा' सुरू झालंय, आणि मी तिथे उभा राहून चहा पितो. हात चांगला आहे रे त्याचा. तुझ्यासारखा.

वैनींना नमस्कार. धाकटीची दहावी झाली ना? गुडघ्याचं दाखवलंस का कुणाला?

सोमवारी माझा जबाब. त्याचा प्रश्न आणि माझं 'नको', दोन्ही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. रविवारी रात्री फोन कर, वाचून दाखवतो. खोडलेलं असलं तर तुला आवाजावरून कळेलच.

तुझा,
नान्या

ता. क. चारशे रुपये पाठवलेत. व्याज मागू नकोस.