पाहुण्यांचे आजारपण आणि हॉटेलची जबाबदारी

संपादक महोदय,

हॉटेलातील दूषित पाण्यामुळे पाहुणे आजारी पडले की ‘बाहेर कुठेतरी काही खाल्ले असेल’ हे व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असते आणि ते खोडून काढणे पाहुण्याला जवळजवळ अशक्य असते. विषमज्वराची लक्षणे दिसायला साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात. तोवर पाहुणा घरी परतलेला असतो, टाकी धुऊन झालेली असते आणि पाण्याचा नमुना कोणीच घेतलेला नसतो. म्हणूनच ज्याच्या हाती टाकी, नळजोडण्या आणि देखभालीच्या नोंदी आहेत, त्यानेच योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध करावे, ही अपेक्षा गैर नाही.

शिवाय धोका पिण्याच्या पाण्यापुरता नाही. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. त्यानंतर अनेकांचा न्यूमोनियाने बळी गेला आणि त्या तपासातून लिजिओनेला हा जिवाणू ओळखला गेला. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतूनही श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतो. त्यामुळे खोलीत बाटलीबंद पाणी ठेवले (तेही बहुधा बिलात लावून!) म्हणजे जबाबदारी संपली, असे होत नाही. गरम पाणी 60 अंश सेल्सिअसला साठवणे आणि रिकाम्या खोल्यांतील नळ नियमित सोडणे हे काही अवघड उपाय नव्हेत.

एकाच सुमारास अनेक पाहुणे आजारी पडल्यास हॉटेलने आरोग्य यंत्रणेला तातडीने कळवणे आणि नुकतेच मुक्काम करून गेलेल्यांनाही सावध करणे बंधनकारक असावे.

— एक वाचक