बिकानेरच्या अंगणातले कागदी लिंबू

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. बिकानेरच्या क्वार्टरमागे कागदी लिंबू लावणार असल्याचे वाचून मला माझे तिथले सहा उन्हाळे आठवले आणि तिथे हातचे गेलेले पहिले झाडही आठवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत लिंबाला भीती असते ती पाणी साचून मुळे कुजण्याची आणि खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागण्याची. वाळूत ती भीती नाही असे समजून मी रोज सकाळी खोडाशी एक कळशी ओतत असे आणि इथल्या सवयीने खालच्या फांद्याही छाटल्या होत्या. कळशीभर पाणी वरच्या वीतभर मातीतूनच उडून जाई, क्षार तेवढे मागे राहत. मे महिन्यात पानांचे शेंडे करपले आणि आळ्यात पांढरी पापडी धरली. जूनमध्ये पश्चिमेच्या अंगाला खोडावर अंगठा दाबला, तर साल कोरड्या पापुद्र्यासारखी सुटून हातात आली. आतले लाकूड तपकिरी पडले होते. झाड तहानेने गेले असे शेजारी म्हणाले. माझ्या मते त्याला उघड्या खोडावरच्या उन्हाने मारले.

तेव्हा खालच्या फांद्यांना हात लावू नकोस आणि खोडाला पातळ चुना लाव. त्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेव. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरले नसेल, तर खाली कंकराचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा, टणक थर आहे असे समज आणि तो पहारीने फोडल्याशिवाय रोप लावू नकोस. आळे दुहेरी कर, आतले खोडाभोवती कोरडे आणि बाहेरचे पाण्याचे, म्हणजे खोड कोरडे राहील. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदाच, पण दोन फूट खोल मुरेल इतके पाणी दे. लोखंडी सळई खुपसून पाहा. ओल असेल तिथवर ती सहज जाते. आपल्याकडच्या पाचटाऐवजी बाजरीचे सरमड, म्हणजे वाळलेली ताटे, पसर.

उसाला पडतो तसा केवडा, म्हणजे पाने पिवळी पडणे, कोवळ्या पानांवर दिसला, तर युरिया टाकू नकोस. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले, लोहच हवे. जानेवारीत पारा शून्याकडे उतरेल, त्या रात्री झाड गोणपाटाने झाक आणि जमीन ओली ठेव. कागदी लिंबू थंडीला किन्नो संत्र्यापेक्षा फार नाजूक असते.

दुपारी चारला अंगणात सावली कुठे पडते, हे मात्र लगेच कळव. भिंतीची धग लागणार असेल तर जागा बदलावी लागेल.

तुझा,
वसंत