फोन माझ्याच हातात राहू दे

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

हे बोलण्यातही सांगता आलं असतं, पण बोलताना तू मध्येच "हो बाबा, कळलं" म्हणतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितो आहे. मागणं एकच आहे. फोनमध्ये माझं काही अडलं, की तो माझ्या हातातून घेऊन, भराभर चार ठिकाणी बोट लावून, "घे, झालं" म्हणत परत देऊ नकोस. शेजारी बस आणि बोट माझं चालू दे.

तू हे मायेनं करतेस, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यानं त्या वेळचं काम तेवढं होतं. पुढच्या खेपेला तेच अडलं की मी होतो तिथंच असतो, आणि तुला पुन्हा हाक मारावी लागते. मला सारखी हाक मारायची नाही.

मला वेळ लागतो, हे खरं. वय झालं म्हणजे डोकं चालेनासं झालं, असं सगळेच धरून चालतात. पण निम्मी अडचण बोटांची आणि डोळ्यांची असते. फोनचा पडदा दाब ओळखत नाही, बोटातून वीज वाहू शकते म्हणून तो स्पर्श ओळखतो. उतारवयात कातडी कोरडी पडते आणि साधा स्पर्श त्याला कधीकधी कळतच नाही. मग मी जोर लावून दाबून धरतो, तर भलताच मेनू उघडतो. हात जरा ओलसर करून पुसला, की तोच पडदा निमूट ऐकतो. बोटांवरच्या रेषाही वयानुसार झिजतात, म्हणून अंगठा लावून फोन उघडायला दोन-तीनदा खटपट होते. डोळ्यांचं म्हणशील, तर साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मला खरोखरच दिसत नाहीत गं. कानाचंही तसंच. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात; स, श, फ ही अक्षरं निसटतात. तुझा आवाज नीट येतो, शब्द मात्र कळत नाही. तेव्हा मोठ्यानं बोलू नकोस, जरा सावकाश बोल. व्हिडिओ कॉलचा आग्रह मी धरतो तो त्यासाठीच, ओठ दिसले की निसटलेलं अक्षर भरून काढता येतं. (तुला बघायला मिळतं हे आहेच!)

शिकवायचं कसं, तेही सांगतो. मी वहीत लिहून ठेवतो, "वर उजवीकडे तीन ठिपके, मग खालून दुसरं." एका रात्रीत अपडेट येतं, ठिपक्यांच्या जागी कुणाचा तरी गोल चेहरा बसतो आणि वहीचं ते पान वाया जातं. म्हणून मला बटणाची जागा सांगू नकोस, आत काय चाललंय ते सांग. फोटो फोनमध्ये आहे की दूर कुठल्या सर्व्हरवर, इथून पुसला तर तिथूनही जातो का, फोन हरवला तर काय उरतं. एवढं उमगलं की बटण मी शोधून काढीन. नवं शिकायचा वेग वयानं कमी होतो, समज कमी होत नाही. उलट शब्दांचा साठा साठीपर्यंत वाढत राहतो. समजून घेतलेलं मला पक्कं राहतं, पाठ केलेलं राहत नाही.

आणि सावकाश असणं ही सुधारायची खोड नाही, असं माझं ठाम मत आहे. फसवणाऱ्यांचा सगळा धंदा घाईवर चालतो. "खातं आत्ता बंद होईल", "लगेच ओटीपी सांगा." आता तर काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून माणसाचा हुबेहूब आवाज बनवता येतो. उद्या तुझ्याच आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर? आपण घरातल्या घरात एक शब्द ठरवू. तो कुठल्या मेसेजमध्ये लिहायचा नाही, समोरासमोरच सांगायचा. असा फोन आला की मी तो शब्द विचारीन, फोन ठेवीन आणि तुझ्या नेहमीच्या नंबरवर मीच लावीन. तेव्हा तू चिडायचं नाहीस.

एक काम मी करून ठेवलं आहे, ते माहीत असू दे. खातं बरेच महिने वापरात नसेल तर ते कुणाच्या हाती द्यायचं, हे गुगलमध्ये २०१३पासून ठरवून ठेवता येतं. ॲपलनेही २०२१मध्ये, माणूस गेल्यावर त्याचं खातं कुणी उघडायचं ते ठरवून ठेवायची सोय केली. माझ्या खात्यात तुझं नाव घातलं आहे. लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. घराची कागदपत्रं कुठं आहेत हे सांगतो, तसंच हे सांगतो आहे. तुझे लहानपणापासूनचे फोटो त्यात आहेत. निम्म्यांवर तारीख चुकीची पडली आहे, कारण ते नंतर स्कॅन केले. ती दुरुस्त करायचं काम मी हळूहळू करतो आहे. कुठला फोटो कधीचा, ते तुझ्या आईला आणि मलाच ठाऊक आहे.

पुढच्या वेळी आलीस की बोलून टाइप कसं करायचं तेवढं आधी दाखव. आईची बोटं दुखतात, तिला ते हवं आहे. तू मला शिकव, तिला मी शिकवीन.

तुझा,
बाबा