पम्यास पत्र, लातूरहून

प्रिय पम्या,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. चिडला असशील, चीड. पण हे आधी वाच, कारण घरात सांगायची सोय नाही आणि कारखान्यात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत संचालकांच्या चहात पोचतं. आईची शुगर वाढलीय, गोळ्या चालू आहेत, बाकी सगळे बरे.

कलबुर्गीकडच्या एका खासगी साखर कारखान्यातून बोलावणं आलंय. डेप्युटी चीफ केमिस्ट, राहायला क्वार्टर, पगार १ तारखेला, असं ते म्हणतात. कन्नड मला 'ऊटा आयता'च्या पुढं येत नाही, पण जेवण झालं का एवढं विचारता आलं की निम्मं काम भागतं.

इथं दिवाळीपासून पगार नाही. मागायला गेलं की अकाउंटवाला म्हणतो, "साखर विकू द्या." साखर विकली की म्हणतो, "बँकेनं वळती करून घेतली." पीएफचं पासबुक उघडलं तर आमच्याकडून कापलेला पैसाही भरलेला नाही. चीफ केमिस्टची जागा रिकामी आहे. काम मी बघतो, सह्या संचालकांचा भाचा करतो. परवा त्यानं विचारलं, "ब्रिक्स आणि पोल एकच ना?" रसात विरघळलेलं सगळं ते ब्रिक्स, त्यातली साखर तेवढी पोल, एवढंही ठाऊक नाही. मांजरीला साखर इन्स्टिट्यूटच्या होस्टेलवर असं कुणी विचारलं असतं तर तू त्याला मोलॅसिसच्या टाकीत बुडवला असतास.

मग जात का नाहीस, म्हणशील. ऊस, गड्या, आमचा ऊस.

घरातला माणूस कारखान्यात असला की तोड वेळेवर मिळते, हे तुला काय सांगायचं. टोळ्या पाठवणाऱ्या गजाला शब्द टाकला की तोडणीची टोळी येते. मी गेलो की आमची नोंद डिसेंबरची आणि टोळी येणार मार्चला. तोवर तुरे येऊन वजन घटलेलं, वर टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे. दुसऱ्या कारखान्याला घाला म्हटलं तर दादा म्हणतात, "सभासद हाय मी!" जसा काही तो कारखाना त्यांच्या अंगठ्यानं उभा राहिला. तसा राहिलाय म्हणा.

त्यांचं बिलही अडकलंय. कायद्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. ते व्याज आमच्या शिवारात अजून कुणी पाहिलेलं नाही. यंदा, २०२५-२६ च्या हंगामाला, एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर टनाला ३५५०, तोही साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला. आपला उतारा कुठला तिथवर जातोय! त्यातून तोडणी-वाहतूक वजा. दादा काट्याच्या पावतीमागं पेन्सिलीनं तेच गणित पुन्हा पुन्हा मांडतात.

परवा जेवताना दादांनी उसाच्या पैशाचं विचारलं, "उचल कवा निघतीया?" म्हटलं, माझाच पगार निघंना. तर हसले. "म्हंजी एका घरातले दोघंबी गुंतले की!" आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू हायस तवर बुडवत न्हाईत." तिथंच माझा घास अडकला. मी पगार मागायला सुद्धा दबकत जातो, आणि हे मला जामीन समजून निवांत झोपतात.

तू २०१६ ला इथून सुटलास. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं आणि तू स्टँडवर उभा राहून म्हणालास, ऊस या मातीला झेपायचा नाही. मी तुला पळपुटा म्हटलं. शब्द मागं घेत नाही. ऊस पाणी पितो म्हणून सोडलास आणि गेलास कुठं, तर वाळूजला बिअरच्या कारखान्यात! तिथं काय वाळू गाळतात?

ग्रॅच्युइटीचं म्हणशील तर पाच वर्षं कधीच झाली. वर्षाला १५ दिवसांचा पगार, ३० दिवसांत द्यायचा. पण साखर शिजवणारे आपले पॅनमन काका रिटायर होऊन अजून गेटवर येतात. वॉचमन चहा पाजतो, ग्रॅच्युइटी कुणी देत नाही. टाइम ऑफिसवाला घाबरवतो की दहा वर्षांआधी सोडलंस तर पेन्शन बुडेल. पीएफचा नंबर, यूएएन, तोच राहतो, सर्व्हिस पुढं जोडली जाते, हे त्याला माहीत आहे. मलाही आहे. तरी ऐकून घेतो, थांबायला तेवढंच निमित्त.

आणि खरं सांगू, काम आवडतं रे. जानेवारीत रात्रपाळीला आमच्याच ट्रॉल्या गव्हाणीवर आल्या. तो रस मुद्दाम वेगळा घेतला, लेड टाकून गाळला, नळीत भरला. पोल असा बसला की एकटाच हसलो. भाचा खुर्चीत घोरत होता.

चिमीचे दहावीचे पेपर कसे गेले? वहिनींच्या पतसंस्थेचं ऑडिट उरकलं का? फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, अभिनंदन. वास्तुशांतीला बोलावलं नाहीस, ते भेटल्यावर बघतो.

मला कलबुर्गीवाल्यांना २० तारखेच्या आत कळवायचंय. तुझा साडू हुमनाबादला आहे ना? त्याच्याकडून काढ, तिथं पगार खरंच १ तारखेला होतो का, आणि हंगाम संपला की माणसं घरी बसवतात का. गजाशीही बोलून बघ, मी नसताना तो आमची टोळी पाठवील का. मी विचारलं तर लगेच ओळखेल.

दादांना इतक्यात काही बोलू नकोस. ते तुला फोन करतात, मला माहीत आहे.

तुझा,
बंड्या