आमच्या पाळणाघरात पण कुणीतरी येऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत उत्तमनगरच्या बाजूला राहते आणि घरातच पाळणाघर चालवते, यंदा अकरावं वर्ष आहे. सध्या बारा मुलं आहेत, सगळ्यात छोटी आठ महिन्यांची आणि मोठा पाच वर्षांचा. फर्स्ट शिफ्टच्या आया सकाळी सव्वासहाला झोपलेलं लेकरू शालीत गुंडाळून माझ्या हातात देतात आणि पळतात कारण कंपनीची गाडी थांबत नाही. माझ्या मदतीला एक ताई आहे. आम्ही दोघी आणि बारा मुलं, संध्याकाळी सातपर्यंत. पेपरात पाळणाघराचं नाव येतं ते काहीतरी वाईट घडलं की मगच, म्हणून म्हटलं एकदा काही घडलेलं नसताना आपणच लिहावं.

आधी एक गोष्ट सांगते, दोन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली. एका मुलाचे वडील पिंपळगावला पॅकहाउसमध्ये कामाला आहेत, त्यांनी प्रेमानं द्राक्षांची पेटी आणून दिली. मी मणी तोडले, मिठाच्या पाण्यात धुतले, वाट्यांमध्ये घातले आणि सगळ्यांना गोल बसवलं. अडीच वर्षांचा एक मुलगा शेजारच्याकडे बघून हसत होता आणि हसता हसता आख्खा मणी घशात गेला. मला आजवर वाटायचं की घास अडकला की पोरगं खोकतं, रडतं, आपल्याला लगेच कळतं. इथं आवाजच नाही, नुसते डोळे मोठे झालेले, हात गळ्याकडे आणि ओठ निळे पडायला लागलेले. मी काय केलं तर त्याच्या तोंडात बोट घातलं मणी काढायला, मग पाठीवरून हात फिरवत बसले, मग पाणी पाजायला गेले. तिन्ही चुकीचं होतं हे मला नंतर कळलं. माझ्या मदतनीस ताईच्या ओरडण्यानं वरच्या मजल्यावरच्या सिस्टर, ज्या नाइट ड्युटी करून नुकत्या झोपल्या होत्या, त्या तशाच धावत खाली आल्या, त्याला हातावर पुढं वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं जोरात मारलं. एक, दोन, तीन, चौथ्याला तो मणी फरशीवर येऊन पडला, सालासकट, जसाच्या तसा. मग ते पोरगं रडलं आणि मी पण रडले.

त्या दिवशी दुपारी मुलं झोपल्यावर सिस्टरांनी आम्हा दोघींना एका बाहुलीवर सगळं दाखवलं. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं, मधे पडायचं नाही. खोकता येत नसेल, आवाज बंद असेल तर पुढं वाकवून पाठीवर पाच दणके, तरी नाही निघालं तर पोटावर बेंबीच्या वर पाच झटके, परत पाठीवर पाच. पण एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोट अजिबात दाबायचं नाही, त्याला आपल्या हातावर लांबीनं पालथं धरायचं, डोकं खाली, पाठीवर पाच, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं. जे दिसत नाही ते काढायला बोट घालायचं नाही, ते आणखी आत जातं. बेशुद्ध झालं तर लगेच १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत छातीवर दाब आणि तोंडानं श्वास. आणि द्राक्षाचा मणी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना उभा चिरून चार फोडी करूनच द्यायचा, कारण मण्याचा आकार बरोबर त्यांच्या श्वासनळीत बसेल एवढाच असतो. शेंगदाणे, फुटाणे आख्खे नाहीच. आता मला सांगा, द्राक्ष पिकवणारा जिल्हा आपला, जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्ष, आणि नऊ वर्ष मुलं सांभाळणाऱ्या बाईला ही एवढी साधी गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. अर्ध्या तासाचं शिकणं आहे हे.

सांगणार तरी कोण हो. आमच्याकडे कुणी येतच नाही. शॉप अॅक्टचा कागद आहे माझ्याकडे, लाइटबिल आहे, बस. सुरुवातीला मी स्वतः एका कार्यालयात जाऊन विचारलं होतं की घरगुती पाळणाघराची नोंद कुठं करायची, तर त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, त्यांनी तिसऱ्या, आणि तिसऱ्यांनी म्हटलं की ताई तुम्ही चालवताय ना, चालवा, कशाला मागं लागून घेता. २०२५ मध्ये शिक्षण खात्यानं खासगी बालवाडी-नर्सरीवाल्यांना पोर्टलवर माहिती भरायला सांगितली, ते चांगलंच झालं, पण ते तीन वर्षांपुढच्या शिकवण्याचं झालं. सहा महिन्यांचं बाळ दिवसभर सांभाळणारी बाई त्यात कुठं बसते?

अंगणवाडी सेविकांचं उदाहरण बघा. त्यांचे हाल मला माहीत आहेत, मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याच्या वर संपावर बसल्या होत्या त्या, आमच्या गल्लीतली सेविका पण होती त्यात, त्यामुळे त्यांचं सगळं छान आहे असं मी म्हणणारच नाही. पण त्यांना वर विचारायला कुणीतरी आहे. पर्यवेक्षिका येते, प्रकल्प अधिकारी आहेत, ट्रेनिंग होतं, तीन ते सहाच्या मुलांना काय खेळवायचं काय शिकवायचं त्याचा अभ्यासक्रम आहे. आणि हे सगळं आपल्याच मातीतलं आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला जे काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी ही कल्पना आली. त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं की साध्या खेड्यातल्या बाईला नीट शिकवलं तर ती उत्तम बालशिक्षिका होते. पण अंगणवाडी चालते काही तासच. अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आठ तास उभं राहणारी आई अंगणवाडी सुटल्यावर मुलाला कुठं ठेवणार, ती माझ्याकडेच ठेवणार ना.

कायद्यात पाळणाघर नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं की तीसच्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ते सक्तीचं झालं. पण माझ्याकडच्या आया बघाल तर एक बारा माणसांच्या प्रेस शॉपमध्ये आहे, एक कॉलेज रोडला साडीच्या दुकानात, दोघी धुणीभांडी करतात, एक बांधकामावर पेठ तालुक्यातून आलेली, तिचा नवरा सकाळी मजूर नाक्यावर उभा राहतो. यांना कुठला कायदा लागू होणार. शहर चालतं ते यांच्यावर आणि यांची पोरं सांभाळतो आम्ही.

आता सुरक्षेचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर झालं, नर्सरीतल्या दोन चिमुकल्या. दोन्ही वेळेला माझ्याकडच्या आयांनी दुसऱ्या दिवशी मुलं सोडताना माझ्या डोळ्यात बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मी कॅमेरा बसवला. पण खरं सांगू का, कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही, त्यासाठी माणूस शिकलेलं लागतं. काय बघायचं, मुलाचं वागणं अचानक बदललं तर काय समजायचं, आणि शंका आली तर कुणाला फोन करायचा.

मला ते माहीत नव्हतं आणि त्याची किंमत एका लेकरानं मोजली. कुणाचं, कधी, हे मी इथं लिहिणार नाही. कपडे बदलताना मला त्याच्या पाठीवर आणि मांडीवर वळ दिसले. आईला विचारलं तर पडला म्हणाली आणि नजर खाली घातली. मी चार दिवस गप्प बसले. वाटलं त्यांच्या घरातलं आहे, आपण बोललो तर पोराला काढून नेतील, मग तर त्याला बघणारं पण कुणी राहणार नाही, आणि शेजारी म्हणतील पाळणाघरातच मारलं असेल. रात्री झोप नाही. शेवटी त्या अंगणवाडीच्या सेविकेला सांगितलं, तिनं सांगितलं १०९८ ला फोन कर, चोवीस तास असतो, पैसे पडत नाहीत, आणि जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते तिच्यासमोर हे जातं. फोन केला. लोक आले, शांतपणे बोलले, आईशी पण बोलले, तिला पण मार पडत होता. आज ते मूल आणि आई दोघं आजीकडे आहेत, बरे आहेत. पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत, कारण त्या चार दिवसात ते रोज संध्याकाळी त्याच घरी परत जात होतं आणि मीच त्याला बूट घालून पाठवत होते.

आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्यानं, २०१२ च्या, पोलिसांना कळवणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. माझ्या ओळखीच्या पाळणाघरवाल्या सात जणींना मी विचारलं, एकीला माहीत होतं. एकीला. म्हणजे उद्या चुकलो तर तुरुंग आहे पण तोपर्यंत सांगायला कुणी येणार नाही, असं झालं हे.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते, तिचा मुलगा तिकडे एका बाईच्या घरी असतो, म्हणजे माझ्यासारखंच घरगुती. ती सांगते की तिथं त्या बाईची सरकारदरबारी नोंदणी, लहान मुलांच्या फर्स्ट एडचा कोर्स सक्तीचा आणि दर तीन वर्षांनी परत करायचा, एका बाईनं एका वेळी पाच वर्षांच्या आतली साधारण तीनच मुलं घ्यायची. हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं होणार नाही, तीन मुलांवर माझं घर चालणार नाही आणि इथल्या आयांना तेवढी फी पण परवडणार नाही. पण तिनं एक सांगितलं ते मला फार पटलं, की तिथं २००६ च्या कायद्यानं मुलं सांभाळणाऱ्यांना माहिती, सल्ला आणि ट्रेनिंग मिळवून देणं हे तिथल्या नगरपालिकेचं काम ठरवलंय. म्हणजे तपासायला येणारे वेगळे आणि शिकवायला येणारे वेगळे.

मला नाशिक मनपाकडे तेवढंच मागायचं आहे. आपले सहा विभाग आहेत, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, सिडको, पूर्व आणि पश्चिम. प्रत्येक विभागात एक बाई द्या, जिच्याकडे त्या विभागातल्या पाळणाघरांची वही असेल, जी दोन महिन्यातून एकदा येऊन बसेल, गॅस कुठं आहे, बाथरूमची बादली भरलेली तर राहिली नाही ना, गॅलरीच्या गजांमधे किती फट आहे, बाळांना उताणं झोपवता का हे बघेल आणि चुकत असेल तर सांगेल. मदतनिसांची पोलीस पडताळणी करायला आमच्यासोबत एक चक्कर मारेल. शिकवायला माणसं बाहेरून आणायची पण गरज नाही, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथंच आहे आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बायकांना कसं शिकवायचं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. पण सुरुवात दंडानं आणि नोटिशीनं करू नका ही हात जोडून विनंती. तसं झालं तर बायका पाटी काढून टाकतील, मुलं मात्र तिथंच राहतील, दार लावून, आणि मग तर तिथं कुणीच पोचू शकणार नाही.

आणि घाई आहे, कुंभमेळा २०२७ चा तोंडावर आलाय. २०१५ च्या कुंभात मी नुकतंच सुरू केलं होतं, पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, एक आई नाशिकरोडहून चालत चालत रात्री साडेनऊला पोचली, पोरगं रडून झोपलेलं. दुसऱ्या एकाला न्यायला मामा म्हणून एक माणूस आला, मी कधी बघितलेला नाही, फोन लागत नव्हता, मी मूल दिलं नाही, तो चिडला, दारात ओरडला. तो खरंच मामा निघाला. तरी मी परत तसंच करीन. तेव्हापासून माझ्याकडे वही आहे, न्यायला येऊ शकणाऱ्या तीन माणसांचे फोटो आणि सह्या, चौथ्याला मूल मिळत नाही. हे मी ठेचा खाऊन शिकले, सगळ्यांनी ठेचा खायची काय गरज आहे. अशी असंख्य पाळणाघरं असतील शहरात, त्या दिवसांत मुलं उशिरापर्यंत राहणार, याचा पण प्लॅनमध्ये कुणीतरी विचार करावा.

तोपर्यंत आम्ही बसून राहिलेलो नाही. वरच्या सिस्टरांना रविवारची सुट्टी असली की माझ्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता आम्ही सात-आठ जणी जमतो, त्या बाहुलीवर शिकवतात, प्रत्येकीला स्वतः करून दाखवावं लागतं, नुसतं बघून चालत नाही. मागच्या वेळी सातपूरहून एक आजी आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, तीस वर्ष मुलं सांभाळतायत, त्यांनी बाहुली हातावर पालथी घेतली आणि पहिला दणका इतका हळू मारला की सिस्टर म्हणाल्या, आजी जोरात, त्याचा जीव वाचवायचाय. पुढच्या रविवारी त्या परत येणार आहेत, सुनेला घेऊन.

आपली विश्वासू,
एक पाळणाघरवाली मावशी
सिडको, नाशिक