मुलांना रांगेत उभं करू नका

संपादक महाशय,

आपल्या रविवार पुरवणीत निकोलस विंटन या इंग्रज गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नाझींपासून वाचवून प्रागहून इंग्लंडला पोचवलेल्या ६६९ मुलांवरचा लेख वाचला. त्या मुलांसाठी घरं बहुतेक आधीच ठरलेली होती. ज्यांचं काहीच ठरलं नव्हतं, त्यांच्याविषयीही लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. त्यानंतर ब्रिटनने सतरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांशिवाय येऊ द्यायचं मान्य केलं. २ डिसेंबरला सुमारे २०० मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. युद्ध पेटेपर्यंत आकडा १०,००० च्या घरात गेला. ठेवायचं कुठे? जवळच डोव्हरकोर्टला समुद्रकाठी सुट्टीत येणाऱ्यांसाठी बांधलेली वसाहत हिवाळ्यात रिकामीच होती, ती मिळाली. खोल्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या. त्या डिसेंबरात बर्फ पडला आणि मुलं अंगावरच्या कोटासकट झोपली. तरी डोक्यावर छप्पर आलं, जीव वाचले. ज्यांनी हे केलं त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

मला खुपतं ते तिथल्या निवडीचं. मूल घरी न्यायला तयार असलेली माणसं यायची आणि जेवणघरात बसलेल्या मुलांमधून फिरून पसंत करायची. लहान, गोऱ्या, गोड दिसणाऱ्या मुली आधी जायच्या. मिसरूड फुटू लागलेले मुलगे मागे राहायचे. भावंडांचीही ताटातूट व्हायची. गुरांच्या बाजाराची उपमा त्या मुलांमधल्याच काहींनी पुढे दिली आहे.

मी फोंडा तालुक्यात एका बालगृहाची अधीक्षिका होते. चवथ, दिवाळी, नाताळ आला की पाहुणे येत. मनाने चांगली माणसं. नेवऱ्या आणत, केक कापत. मग मुलांना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावत आणि त्यातली एखादी गोजिरी कडेवर घेऊन फोटो काढत. एकदा मंडळी गेल्यावर दुसरीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. उवा झाल्या म्हणून आम्ही तिचे केस अगदी बारीक कापले होते. हातातली नेवरी तशीच होती. म्हणाली, "टीचर, केस वाढले की मला घेतील?"

काय सांगायचं तिला?

द्यायला येणाऱ्यांनी जरूर यावं. पण खाऊ स्वयंपाकघरात द्यावा, काय कमी आहे ते आधी फोन करून विचारावं. शक्य असेल त्यांनी आठवड्यातून तासभर गणित शिकवायला यावं, आणि आलं तर वर्षभर यावं. दोनदा येऊन बंद होणाऱ्यांची फार वाट बघतात मुलं.

बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, फोटोही नाही. चवथ जवळ आली आहे, आता संस्थांची प्रसिद्धीपत्रकं आपल्याकडे येऊ लागतील. त्यांतले मुलांचे चेहरे दिसणारे फोटो छापू नयेत, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त अधीक्षिका, कवळे, फोंडा