दीड महिन्याच्या लसीला स्टेथोस्कोपही लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'छाती न उघडता चिमुकल्याच्या हृदयाचे छिद्र बंद' अशा बातम्या हल्ली जिल्ह्याच्या पानावरही दिसतात. वाचून बरं वाटतं. पण वाडीवस्तीवर त्यांचा एक उलटा परिणाम होतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं की घरचे विचारतात, "बिनटाक्याचं होत नाही का? मग थांबू या."

सगळी छिद्रं एका जातीची नसतात. वरच्या दोन कप्प्यांच्या पडद्यात मधोमध छिद्र असलं आणि कडा धड असल्या, तर जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन ते बटणाने (लोक छत्री म्हणतात) बुजवता येतं. जन्मानंतर मिटायची राहिलेली रक्तवाहिनी, म्हणजे पीडीए, पुष्कळदा तशीच बंद करतात. कडाच नसल्या तर ऑपरेशनला पर्याय नाही. काही ठिकाणी ते उजव्या काखेखालच्या लहान छेदातून होतं. व्रण झाकला जातो, पण तेवढा वेळ हृदयाऐवजी यंत्राने रक्त फिरवावंच लागतं. खालच्या कप्प्यांमधलं बारीक छिद्र बऱ्याचदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर फुप्फुसातला दाब चढत जातो, आणि तो हाताबाहेर गेला की छिद्र बुजवणंच जिवावर बेततं.

म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. बाळ दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं, वजन धरत नाही. पण जत-आटपाडीच्या उन्हात घाम कुणाला येत नाही? घरात कुणी मनावर घेत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत मुलं तपासतात, चांगलं काम आहे. पण अंगणवाडीत त्यांची फेरी वर्षातून दोनदाच. मोठ्या छिद्रातून वाहणाऱ्या रक्ताचा (स्टेथोस्कोपने ऐकू येणारा) आवाज जन्मल्या दिवशी बहुधा येत नाही, काही आठवड्यांनी येतो. नेमकं तेव्हाच बाळ दीड महिन्याच्या लसीला येतं. त्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत्येक बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावावा आणि शंका आली की टू-डी इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) सांगली-मिरजेला चिठ्ठी द्यावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. पुढच्या बऱ्याच उपचारांना महात्मा फुले योजना आहे.

आणि आपल्याला एक विनंती: अशी बातमी छापताना छिद्र कुठलं होतं आणि त्याच बाळाला बटण का चाललं, हे दोन ओळींत जरूर द्या.

– एक निवृत्त आरोग्य सेविका,
तासगाव (जि. सांगली)